विरजणाची वाटी

“वाटी रिकामी परत देऊ नये गं, हारणा. दुसरं काही नसलं तर चिमूटभर मीठ घालावं, पण रिकामी देऊ नये.”

आईचा हा आवाज ऐकून पन्नास वर्षं होत आली. दिवेलागणीच्या आधी ती चुलीपुढं उकिडवी बसायची, दुधाच्या गाडग्याला पालथा हात लावून ऊब बघायची आणि बोटाच्या पेरावर विरजण घेऊन दुधात सोडायची. सोडता सोडता गुणगुणायची :

विरजणाची वाटी शेजी नेते पदराआड
माझं नासलं तर बाई तिचं उघडंल कवाड

“आपलं कामून नासंल?” सात वर्षांची हारणा विचारायची.

“नासतंच की एखाद्या दिवशी,” आई म्हणायची. “मनून तर देऊन ठेवायचं.”

सोमवारी सकाळी साडेसातला, मांजरथडी नगरपरिषदेच्या कचरा डेपोवर, एक नंबरच्या हौदावर वाकलेल्या हारणाबाई सोनकांबळे यांच्या कानात तो आवाज भरून आला. कारण हौदाचा वास गेला होता.

हौदांचे वास हारणाबाईंना तोंडपाठ होते. नीट चाललेल्या हौदाला भिजवलेल्या पेंडीसारखा आंबूस वास येई. उपाशी हौदाला गंजाचा, आणि जास्त जेवलेल्याला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा. आज त्यांतला एकही नव्हता. दवाखान्याच्या फरशीसारखा थंड, नाकाला झोंबणारा वास तेवढा होता. त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. बुळबुळीत लागायला हवं होतं, ते नुसतं पाणी लागलं. त्या दुसऱ्या हौदावर गेल्या, तिसऱ्यावर गेल्या, सातव्यापर्यंत गेल्या. सातही हौदांच्या काठांवर पांढऱ्याशुभ्र भुकटीच्या रेघा ओढलेल्या होत्या, लग्नघरापुढच्या रांगोळीसारख्या नेटक्या.

“मेलं,” त्या म्हणाल्या. ऐकायला आजूबाजूला कोणी नव्हतं.

काय मेलं ते सांगायचं तर दहा वर्षं मागं जायला हवं.

मांजरथडी हे साठ हजार वस्तीचं गाव. नदीकाठी वसलेलं, आणि गावाच्या उशाशी कचऱ्याचा डोंगर. चाळीस वर्षांत तो इतका वाढला की लहान मुलं चित्रात डोंगर काढताना त्याच्यावर घारी काढायची. दोन हजार एकतीस साली गावातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. तस्नीम शेख डोंगराच्या तळाची माती न्यायला आल्या. डेपोवर कचरा निवडणाऱ्या हारणाबाईंनी त्यांना एक दुधाची जुनी पिशवी दाखवली. पिशवीला भोकं होती, कसर लागलेल्या लुगड्याला असतात तशी. “म्याडम, हिला कुणीतरी खाल्लंय,” हारणाबाई म्हणाल्या. डॉक्टरबाई पुढं प्रत्येक व्याख्यानात सांगायच्या की शोध तिथंच लागला, आपण नंतर फक्त खाणाऱ्याचं नाव शोधून काढलं.

खाणारा एकटा नव्हता. अकरा जातींचे जीव एकत्र नांदत होते. प्लास्टिक म्हणजे एकाला एक जोडलेल्या कड्यांची फार लांब साखळी. इतकी लांब की कुणाच्याच तोंडात मावत नाही. या अकरांतला पहिला ती साखळी मधूनमधून तोडी, दुसरा तुटलेले तुकडे आणखी बारीक करी, तिसरा ते गिळी, चौथा तिसऱ्यानं टाकलेलं खाई. असं करत शेवटी उरे पाणी, थोडा वायू आणि तळाशी मेणचट साका. एकत्र कुटुंबासारखं काम. एक जाऊ रुसली की चूल बंद.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची होती. साखळी तोडायची कला या जीवांच्या मूळ पोथीत लिहिलेली नव्हती. ती एका वेगळ्या, लहानशा गोल चिठ्ठीवर होती, जनुकांच्या कड्यावर. प्रयोगशाळेत त्यांना साखर घातली की जीव गलेलठ्ठ व्हायचे आणि चार आठवड्यांत ती चिठ्ठी फेकून द्यायचे. आयतं मिळतंय तर ओझं कोण वाहील? बाटलीत घालून गोठवलं तर अकरांतले चार मरून जायचे. म्हणजे हे जपायचं असेल तर एकच वाट होती. त्यांना रोज प्लास्टिकच खाऊ घालायचं, अर्धपोटी ठेवायचं, आणि जुन्या हौदातलं थोडं काढून नव्या हौदात सोडत राहायचं.

हे सगळं डॉक्टरबाईंनी डेपोवरच्या बायांना फळ्यावर काढून समजावलं. मग हारणाबाई म्हणाल्या, “मंजे विरजणच की.”

तेच नाव पडलं. सरकारी कागदावर ‘जैविक विघटन संवर्ध’ असं होतं, पण नगराध्यक्षसुद्धा विरजणच म्हणत. हारणाबाई त्या विरजणाच्या धनीण झाल्या. कोणत्या हौदाला किती पिशव्या, कधी ढवळायचं, कधी उपाशी ठेवायचं, हे त्यांच्या नाकाला कळे, यंत्राला मागाहून. आठ वर्षांत डोंगर बसला. जिथं घारी फिरायच्या तिथं आता मैदान झालं आणि मुली खो-खो खेळू लागल्या. बसस्टँडवर पाटी लागली : ‘विरजणाचं गाव मांजरथडी आपलं स्वागत करीत आहे.’ मांजरथडीचा माणूस परगावी लग्नाला गेला की पंगत बसायच्या आत विषय कचऱ्यावर आणून सोडी. चार राज्यांतून माणसं बघायला येत. हारणाबाई पदर खोचून त्यांना हौद दाखवत, आणि सुटाबुटातले पाहुणे त्यांच्यासमोर वहीत लिहून घेत, तेव्हा त्यांच्या मणक्यात काहीतरी ताठ होई.

अभिमान वाढला तशी भीतीही वाढली. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेनं ठराव केला की विरजण ही गावाची मालमत्ता आहे, त्याचा थेंबही हद्दीबाहेर जाता कामा नये. डेपोवरच्या प्रत्येकानं हमीपत्रावर सही केली. बाहेर दिल्याचं आढळलं तर कामावरून कमी. हारणाबाईंनीही सही केली. एकोणीस वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. कायम करण्याची त्यांची फाईल सहा वर्षं टेबलाटेबलावर फिरत होती, आणि निवृत्तीच्या वयाला आता दोनच वर्षं उरली होती. त्यांची इच्छा एवढीच की जाण्याआधी नगरपरिषदेच्या कायम लोकांच्या यादीत आपलं नाव एकदा लागावं. आजवरच्या प्रत्येक ठरावात ‘डेपोवरील महिला कामगार’ असंच येत आलं होतं.

ठराव होऊन महिना झाला नव्हता तोच थोरली बहीण केवळाबाई दारात आली.

केवळाबाई चौतीस किलोमीटरवरच्या उजळाईला दिलेली. तीही तिथल्या नगरपरिषदेत सफाईलाच. उजळाईला गुऱ्हाळं पुष्कळ, आणि डेपो बाराही महिने धुमसता. धुरानं केवळाबाईची नात वर्षभर खोकत होती. केवळाबाईनं पदराआडून आईची पितळी वाटी काढली आणि पुढं धरली. बोलायची गरजच नव्हती.

हारणाबाईंनी हमीपत्राचं सांगितलं. फाईलचं सांगितलं. केवळाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“आईनं घरातून रिकामी वाटी कदी जाऊ दिली न्हवती,” ती म्हणाली. “तू लई मोटी झालीस, माय. पाटीवर नाव लागलंय तुज्या गावाचं.”

वाटी तिथंच चुलीजवळ ठेवून ती निघून गेली. अकरा दिवस ती वाटी हारणाबाईंच्या नजरेसमोर राहिली. भाकरी खाताना समोर, भांडी घासताना समोर. बाराव्या दिवशी रविवार होता, सुट्टीचा. हारणाबाईंनी सकाळी डेपोवर जाऊन चार नंबरच्या हौदातलं विरजण वाटीत घेतलं, वर फडकं बांधलं, पिशवीत घातलं आणि उजळाईची गाडी धरली. दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, म्हणून दिवेलागणीच्या आत पोचवलं. केवळाबाईनं वाटी घेतली, पण रिती करून परत दिली नाही. “ही ऱ्हाऊ दे माज्याकडं,” ती म्हणाली. “भरून द्याची ऱ्हायलीय.”

मग दोघींनी तोंड शिवलं. केवळाबाईनं उजळाईच्या डेपोमागं एका पडीक सिमेंटच्या टाकीत विरजण लावलं. साहेबलोकांना दिसू नये म्हणून वर गुऱ्हाळातल्या चिपाडाचा ढीग पसरला. कुणी विचारलं तर म्हणे, औषध टाकते. वर्षभरात उजळाईचा धूर विझला. वर्तमानपत्रात तिथल्या नगराध्यक्षांचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, ‘उत्तम नियोजनाचे फळ’. मांजरथडीच्या चहाच्या टपरीवर लोक तो फोटो बघून हसले. “उजळाईवाल्यांना आता धूरसुद्धा धड काढता येईना,” टपरीवाला म्हणाला. हारणाबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी चहा संपवला आणि कप जागेवर ठेवला.

आता या सोमवारी त्या मेलेल्या हौदांपाशी उभ्या होत्या आणि स्वच्छता निरीक्षक उमाकांत बिडवे आपली गाडी लावून येत होते.

बिडवे वाईट माणूस नव्हते. हारणाबाईंची फाईल ज्या टेबलावर अडे तिथं जाऊन उभे राहणारे तेच होते. केंद्राचं पथक पुढच्या शुक्रवारी पाहणीला येणार होतं. पाहुणे येणार म्हटलं की रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या भुकटीची रेघ ओढायची, ही नगरपरिषदेची जुनी रीत. मंत्री असो, सचिव असो, रेघ ठरलेली. भुकटी म्हणजे चुना आणि त्यात टीसीएल पावडर, पाण्यातले जंतू मारायला टाकतात ती. रविवारी हारणाबाईंची सुट्टी होती. बिडव्यांनी चार ठेक्याचे लोक लावून रस्ता करून घेतला. मग त्यांना हौदांचे काठ हिरवट, घाण वाटले. तेही त्याच पावडरीनं घासून घेतले, वरून पाणी मारलं, आणि रेघ ओढली. वीस वर्षांच्या नोकरीची हाताला सवय होती, डोक्याला विचारायची वेळ आली नाही.

हारणाबाईंनी नुसतं रेघेकडं बोट दाखवलं. बिडव्यांनी खिशातून फोन काढून डॉक्टरबाईंना लावला.

डॉक्टरबाई तासाभरात आल्या. सातही हौदांचं पाणी कागदाच्या पट्टीवर घेऊन बघितलं. पट्टी गडद होत गेली. जंतू मारायची पावडर आपलं काम चोख करून बसली होती. त्यांच्या फ्रीजमध्ये बाटल्या होत्या, पण त्यांना स्वतःलाच त्यांचा भरवसा नव्हता. अकरांतले चार नसलेले, उरलेले कला विसरलेले. नव्यानं उभं करायचं तर आठ महिने लागतील, असं त्या अगदी हळू म्हणाल्या.

बिडव्यांनी दोघींना विनंती केली की सध्या बाहेर बोलू नका, उन्हानं काम मंदावलंय असं वर कळवतो. मग हारणाबाईंकडं न बघता म्हणाले, “पुढच्या गुरुवारी सभा आहे. विषय क्रमांक अकरा तुमचाच आहे. कायम नेमणूक. सहा वर्षांनी विषयपत्रिकेवर आलाय. आणि मी हे असं करून बसलो.”

हारणाबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि एकची गाडी धरली.

उजळाईच्या डेपोमागं केवळाबाई चिपाडाच्या ढिगाशी होती. बहिणीला अवेळी आलेलं बघून तिनं आधी पाणी दिलं. हारणाबाईंनी तांब्या रिकामा केला आणि म्हणाल्या, “आक्का, माजं नासलं.”

केवळाबाईनं तांब्या परत घेतला. मग हसली. टोमणा मारायचा हक्क तिला होता आणि तो ती सोडणार नव्हती. “इतकी मोटी पाटी लावली व्हती स्टँडवर,” ती म्हणाली. “पाटीखाली दिष्टीचं मीठ ठिवलं न्हवतं का?”

“मार की आनि चार.”

“मारते. पयलं हिकडं ये.”

तिनं फावड्यानं चिपाड बाजूला सारलं. खालून वास आला. पेंडीचा आंबूस वास, आणि त्यात किंचित गोडसर काहीतरी मिसळलेलं. हारणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांपूर्वी वाटीभर दिलेलं ते इथं काठोकाठ भरलं होतं. केवळाबाईनं भाकरीच्या फडक्यातून आईची वाटी काढली, लख्ख घासलेली, आणि तुडुंब भरली. वर फडकं बांधताना आईची ओवी गुणगुणली. दुसरी ओळ आली तशी दोघीही थांबल्या, कारण ती आता म्हणायची राहिली नव्हती, घडली होती.

मांजरथडीत परतल्यावर हारणाबाईंनी हौद उपसून साध्या पाण्यानं धुतले, मग वाटीची बादली केली, बादलीचा एक हौद, एकाचे सात. बिडव्यांना आणि डॉक्टरबाईंना सांगितलं की चार नंबरच्या तळाशी थोडं जित्तं राहिलं होतं, तेच वाढवलं. बिडव्यांनी हात जोडले. त्यांना विश्वास ठेवायचाच होता.

डॉक्टरबाईंचं तसं नव्हतं. आठव्या दिवशी त्या हातात काचेची बशी घेऊन डेपोवर आल्या. बशीत गुटख्याची पुडी होती, म्हणजे पुडीचे थर होते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटे झालेले. गेल्या दहा वर्षांत मांजरथडीच्या विरजणानं दुधाच्या पिशव्या खाल्ल्या, कॅरीबॅगा खाल्ल्या, पण पुडीपुढं हात टेकले होते. पुडीत प्लास्टिकचा एक थर, चकाकीचा दुसरा, पुन्हा प्लास्टिक, आणि मधे चिकट गोंद. तो गोंद कुणाला सुटत नव्हता. सरकारनं गुटख्यावर बंदी घालून किती वर्षं झाली, तरी गटारीत पुड्यांचा सडा तसाच. आता गोंद सुटत होता. नव्यानं भरलेल्या हौदांत अकरांच्या जोडीला बारावा जीव आला होता, एक बुरशी. ती उसाच्या तंतूवर वाढते आणि गोंद पचवते. प्लास्टिकवर जगणारे अकरा, चिपाडावर जगणारी ही, त्यामुळं चिठ्ठी कोणीच फेकत नव्हतं. असा संसार जमवून आणायला प्रयोगशाळेत दहा वर्षं गेली असती.

“मावशी,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “हौदात उसाचं चिपाड सापडलं मला. आपल्या गावात एकही गुऱ्हाळ नाही.”

“वाऱ्यानं आलं असंल.”

“वारा इतका नेमका नसतो.” त्यांनी बशीवर झाकण ठेवलं. “मी अहवालात दिसलं तेवढंच लिहिणार. बारावा जीव नव्यानं आढळला, उगम अज्ञात. खोटं लिहिणार नाही, आणि जे तुमचं सांगायचं आहे ते मी लिहिणार नाही.”

उगम अज्ञात. घरी जाताना हारणाबाईंच्या मनात तो शब्द गोल गोल फिरत राहिला. अज्ञात म्हणे. पंचावन्न वर्षं त्यांनी ज्या बाईला आक्का म्हटलं ती अज्ञात.

गुरुवारी अकराला सभा सुरू झाली. नगराध्यक्षा प्रमिलाताई हलगरे खुर्चीवर, सदस्य दोन्ही बाजूंना, मागच्या बाकांवर अधिकारी आणि निमंत्रित. इतिवृत्त आता यंत्र लिही. सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द बोलणाऱ्याच्या नावासकट भिंतीवरच्या पडद्यावर उमटे आणि तसाच कायमच्या दप्तरात जाई. त्यामुळं सदस्य पूर्वीपेक्षा कमी भांडत आणि जास्त खाकरत. हारणाबाई नवं, कडक लुगडं नेसून सगळ्यात मागं बसल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत पितळी वाटी होती. ती त्यांनी का घेतली ते त्यांना घरून निघताना सांगता आलं नसतं.

विषय एकामागून एक गेले. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. आठवडी बाजाराची जागा बदलणे, त्यावर दोन सदस्य अर्धा तास बोलले आणि जागा तीच राहिली. प्रभाग सातमधली गळकी जलवाहिनी. एका चौकाच्या नावाचा प्रश्न समितीकडं गेला. मोकाट कुत्र्यांचाही तिकडंच गेला. प्रत्येक विषयाला सूचक अमुक, अनुमोदक तमुक, विरोध नाही, सर्वानुमते मंजूर. गावाचा गाडा असाच चालतो, कुरकुरत का होईना, आणि रोज सकाळी नळाला पाणी येतं.

विषय क्रमांक दहा आला तेव्हा मात्र सगळे सावरून बसले. मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल वाचला. मांजरथडीच्या विरजणानं आपणहून नवी झेप घेतली आहे. पुडी खाणारं विरजण देशात दुसरीकडं कुठं नाही. बाकं वाजली. एक ज्येष्ठ सदस्य उठून उभे राहिले. या मातीतच काहीतरी आहे, असं ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं, आणि ऐकताना हारणाबाईंनाही क्षणभर तसंच वाटलं. मग ठराव वाचला गेला. बारा जिवांचं हे विरजण मांजरथडीच्या एकट्याच्या नावे नोंदवावं. अन्यत्र कुठं त्याचा वापर आढळल्यास ती चोरी समजून फौजदारी करावी. आणि याच ठरावाला जोडून विषय क्रमांक अकरा घ्यावा : ज्यांनी हे विरजण जपलं त्या श्रीमती हारणाबाई सोनकांबळे यांना आजपासून कायम करावं, आणि शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार व्हावा. जोडून घेण्याची सूचना बिडव्यांनीच दिली होती, उपकार फेडावे म्हणून.

पडद्यावर अक्षरं उमटली. हारणाबाई सोनकांबळे. आपलं पूर्ण नाव त्यांनी नगरपरिषदेच्या ठरावात पहिल्यांदा पाहिलं. काळ्यावर पांढरं, ठसठशीत. आई असती तर तिला वाचता आलं नसतं, पण तिनं पडद्यावरून हात फिरवला असता.

त्याच्या वरच्या ओळीत ‘चोरी’ हा शब्द होता. तो आक्कासाठी होता.

सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. शिपाई शाल उघडू लागला. प्रमिलाताईंनी रिवाजाप्रमाणं विचारलं, विरोध कुणाचा आहे का, आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य घ्यायला तोंड उघडलं.

“माजा हाय,” मागून आवाज आला.

माना वळल्या. एक तरुण सदस्य हसत म्हणाला की मावशी, ठराव तुमच्याच कायम होण्याचा आहे, विरोध कसला करता. थोडे लोक हसले. मुख्याधिकारी सांगू लागले की निमंत्रितांना सभेत बोलता येत नाही. डॉ. तस्नीम शेख मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. प्रमिलाताईंनी हारणाबाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग हातानं मुख्याधिकाऱ्यांना थांबवलं. “बोलू द्या,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षं त्यांच्या जिवावर आपण बोलतोय.”

हारणाबाई मधल्या वाटेनं पुढं आल्या. पिशवीतून वाटी काढली आणि शालीशेजारी टेबलावर ठेवली. पितळेचा हलकासा आवाज झाला, तोही यंत्रानं ऐकला असेल. त्यांचा आवाज हौद दाखवताना पाहुण्यांपुढं लागायचा तसाच सरळ लागला.

“दोन वर्सांमागं म्या ह्या वाटीत विरजण उजळाईला दिलं. हमीपत्रावर सही करून म्हैना झाला न्हवता, तवा दिलं. माज्या थोरल्या भनीला, केवळाबाईला. लपवून ठिवलं, ते चुकलं. दिलं ते चुकलं न्हाई. ह्या म्हैन्यात आपलं सगळं मेलं, सातीच्या साती हौद. कसं मेलं ते ज्याचं त्यानं सांगावं. आज हौदात जे हाय ते तिनं परत दिलेलं हाय, आनि ते बारावं तिच्या चिपाडाखाली जल्मलंय. आपल्या मातीत काय हाय ते म्या जानते, ताई, म्या त्या मातीत हात घातलेत. पर हे दोन गावचं हाय. मला कामावरून काडायचं तर काडा, माजं नाव पुसा, पर तिथं तिचं नाव लिवा आनि चोरीचा सबुद खोडा. आमच्या आईनं शिकवलंय, वाटी रिकामी परत देऊ नये. आक्कानं भरून दिली. आता वाटी आपल्याकडं हाय, आनि बगा, रिकामी हाय. ती भरून फुडं कुण्या गावाला द्याची, तेवडा ठराव करा.”